डब्यात बघितलेलं सासर

सासरचं घर मी पहिल्यांदा बघितलं ते माहेरच्या ओसरीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. भाईंदर तोवर फक्त नावानं माहीत होतं. मुंबईच्या पुढं कुठंतरी आहे आणि आमच्या भागातली बरीच माणसं तिकडं कामाला आहेत, एवढंच. परभणीच्या पलीकडं मी कधी गेले नव्हते. शाळा सातवीला सुटली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती, माय रोजानं शेतात जायची आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी कुणी नसायचं. मला शाळेतून कुणी काढलं नाही. एक दिवस मीच गेले नाही, आणि का गेली नाहीस असं कुणी विचारलं नाही.

आमच्याकडं रीत अशी, की आधी मुलाकडची माणसं मुलगी बघायला येतात. पसंत पडली की मुलीकडची माणसं घर बघायला जातात. या घर बघायला जाण्यात मुलगी नसते. बायकाही सहसा नसतात. वडील, मामा, भावकीतली दोनचार माणसं जातात, चहापाणी घेतात, भिंतीला टिचकी मारून बघतात, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात, आणि परत येऊन सांगतात, "घर बरं हाय." तेवढ्यावर मुलगी जन्म काढायला निघते. माय तशीच आली होती. आजीही.

माझ्या वेळी अडचण झाली. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मांडीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलेलं, पाय लांब करून ते दिवसभर ओसरीत बसून असायचे. मामा कापूस वेचणीत अडकलेले. मोठा भाऊ रोजावर, त्याला खाडा परवडत नव्हता. इतक्या लांब जायचं कुणी? मग मुलाकडून मोबाईलवर घराचा व्हिडिओ आला. आप्पांनी तो पुन्हापुन्हा बघितला आणि मोबाईल बाजूला ठेवला.

"दाखवणारा दाखवील तेवढंच दिसतंय की ह्यात," ते म्हणाले. "मोबाईल त्याच्या हातात, नजरबी त्याचीच. मला मान वळवून बघता आलं पाहिजे."

मध्यस्थानं हे बोलणं जसंच्या तसं भाईंदरला पोचवलं. मला वाटलं, संपलं. माझा जीव पहिल्यापासून भित्रा. कुणी मोठ्यानं खोकललं तरी मला आधी वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. मुलगा मला आवडला होता. बघायला आला तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला तिथं करमेल का?" आजवर मला करमतं का नाही हे कुणी विचारलं नव्हतं.

तिकडून निरोप आला, 'मान वळवता येईल असं पाठवतो.'

ते घेऊन आली मुलाची मोठी बहीण. तिला मी पुढं ताई म्हणू लागले, इथंही ताईच म्हणते. तिचं सासर परभणीजवळचं, पण राहणं मीरा रोडला, हाटकेशमध्ये. कुठल्याशा कार्यासाठी ती सासरी आली होती, तिथून आमच्याकडं आली. पर्समधून तिनं काळ्या प्लास्टिकचा एक डब्बा काढला. वेल्डिंगवाला तोंडावर धरतो तसल्या झाकणासारखा, फक्त लहान. पुढचं दार उघडून त्यात मोबाईल आडवा बसवायचा, आतल्या दोन भिंगांना डोळे लावायचे, आणि इलॅस्टिकचा पट्टा डोक्यामागून ओढायचा.

"भाईंदरला केबिन रोडवर मोबाईलच्या कव्हरांच्या दुकानात मिळतो," ताई म्हणाली. "लोकं लेकरांना खेळायला घेतात. माझा भाऊ घर दाखवायला घेऊन आला. त्यानं खोलीच्या मधोमध उभं राहून गोल फिरत फिरत फोटो काढलेत. आता तुम्ही जिकडं बघाल तिकडचं घर दिसेल. घ्या, आप्पा."

आप्पांनी चष्मा काढून मायजवळ दिला आणि डब्बा डोळ्यांना लावला. मग मान डावीकडं गेली, उजवीकडं गेली, वर गेली.

"पत्रा न्हाई. स्लॅब हाय," ते म्हणाले.

"हो, चाळीला वर अजून एक मजला आहे ना," ताई म्हणाली.

"भिंत कशाची हाय ती?" असं म्हणत आप्पांनी सवयीनं टिचकी मारायला हात पुढं केला. तो हात ताईच्या हातातल्या चहाच्या कपाला लागला. चहा आप्पांच्याच प्लास्टरवर सांडला. आप्पांना काहीच कळलं नाही, ते तिकडं भाईंदरला होते.

"पक्की दिसतीय भिंत," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हे काय, विहीणबाई दोन कशा?"

ताई हसायला लागली. तिच्या आईला फोटोत यायचं नव्हतं. त्यामुळं मुलगा जसा फिरला तशी ती त्याच्या मागून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली, आणि दोन्ही कोपऱ्यांत उमटली. एका कोपऱ्यात पूर्ण, दुसऱ्यात अर्धी, हातात कसलंतरी घडी केलेलं कापड घेऊन.

मग मायची पाळी आली. तिनं आधी पदर डोक्यावरून घेतला आणि त्यावरून पट्टा चढवला. व्याह्याच्या घरात मोठ्यानं कसं बोलायचं म्हणून ती हळू आवाजात बोलत होती. "भांडी लई हायत," ती कुजबुजली. मुलगा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या कामाला होता, तर भांडी असणारच. "गॅस दोन शेगड्यांचा हाय. टीव्ही हाय. सगळं कसं जाग्यावर हाय." आमच्याकडं बसलेल्या शेजारणींना ती तिथूनच एकेक सांगत होती.

डब्बा काढल्यावर आप्पा म्हणाले, "घर बरं हाय."

ताईनं डब्बा माझ्यापुढं धरला.

"तिला कामून?" आप्पा म्हणाले. "आम्ही बघितलं की."

"राहायचंय तिला, आप्पा. तुम्हाला थोडंच राहायचंय. बघू दे ना."

या एका वाक्यासाठी मी ताईची जन्मभर ऋणी आहे. तिला ते आठवतही नाही. मी कधी काढलं तर म्हणते, "असं बोलले होते मी?"

डब्बा लावला आणि आधी सगळं धुरकट दिसलं. ताईनं वरचं चाक फिरवलं. मग एकदम मी एका खोलीत उभी होते. निळी भिंत, लोखंडी कपाट, त्यावर सुटकेस, बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं मेणबत्ती. मान वळवली तर खिडकी, पण खिडकीतून नुसताच पांढरा उजेड, बाहेरचं काही दिसत नव्हतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला. आणखी वळले. गॅस, भांड्यांची मांडणी, पिंप. आणि त्याच्या शेजारच्या कोपऱ्यात मोरी.

मी तिथं थांबले. आप्पांची मान तिथून पुढं गेली होती, मायचीही. मोरीला गुडघ्याएवढा कट्टा होता आणि त्यावर काही नव्हतं. पाण्याचा नळ होता, बादली होती, आंघोळीचा दगड होता. मी मान उलटी वळवली. कपाटाजवळ दुसरी अर्धी सासू. मधे कुठं भिंत नव्हती. सगळं घर म्हणजे ही एकच खोली, तिच्यात सासू, सासरे, नवरा आणि मी. मी पुन्हा मोरीकडं वळले. दार असेल, फोटोत आलं नसेल, म्हणून वर बघितलं, खाली बघितलं. चौकटच नव्हती.

आमचं घर गरिबाचं, कुडाच्या भिंतींचं. पण मागं न्हाणी होती आणि तिला पत्र्याचं दार होतं. दार कुरकुरायचं, खाली उंदीर जाईल एवढी फट होती, पण आत गेलं की आपण एकटं.

"झालं का? काय बघायलीस एवढं?" मायचा आवाज आला.

लोकांच्या डोळ्यांपुढं माझं बोलणं आटून जातं. मनात वाक्य तयार असतं, पण समोरच्याच्या भुवया जराशा वर गेल्या की ते परत खाली उतरतं. डब्यात मला कुणाचेच डोळे दिसत नव्हते. माझेही कुणाला दिसत नव्हते. मी जिथं होते त्या खोलीत तर बोलणारं कुणीच नव्हतं.

"मोरीला दार न्हाई," मी म्हणाले.

कोंबडी अंगणात कुठंतरी खुडबुडत होती, तेवढाच आवाज. मग मायनं माझ्या मांडीला चिमटा काढला, चांगला जोरात. आता डब्बा काढला तर सगळ्यांची तोंडं दिसणार, याची मला इतकी भीती वाटली की मी तो तसाच ठेवून आणखी बोलले.

"आमच्या न्हाणीला पत्र्याचं दार हाय. कडीबी हाय आतून."

तेवढ्यात खोली गेली. निळी भिंत, मोरी, सासू सगळं गेलं आणि डोळ्यांसमोर मुलाचा फोटो आला, एक डाव्या डोळ्याला आणि एक उजव्या. डब्बा थरथरायला लागला. मी तो ओढून काढला, पट्ट्यात केस अडकले. त्याचा फोन आला होता.

ताईनं झाकण उघडून मोबाईल घेतला आणि उठून अंगणात गेली. "अरे, तुझ्याच घरात बसली होती ती," एवढं ऐकू आलं. मग ती लिंबापलीकडं गेली. बराच वेळ बोलत होती. इकडं माय दातओठ खात होती. "दारासंगं लग्न करायलीस का पोरासंगं? चांगली सोयरीक मोडशील. बापाचा पाय असा. कोण येणार पुन्हा?" आप्पा प्लास्टरवरचा चहा पुसत होते.

ताई परत आली. "बघू," म्हणाली. चहा झाला होता, ती निघाली. डब्बा मात्र तिनं आमच्याकडंच ठेवला. तेवढ्यावर मी आशा धरून होते आणि तेवढ्यावरच घाबरूनही होते. वस्तू विसरून जातात तसं सोयरीकही विसरून जाणार असतील तर?

मधले दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. माय माझ्याशी कामापुरतं बोलायची. शेजारणी विचारायच्या, "काय कळालं का भाईंदरचं?" आणि मोरीचं बोलणं सगळ्या वस्तीत गेल्याचं त्यांच्या तोंडावरून दिसायचं. एक म्हातारी मात्र न्हाणीजवळ मला गाठून म्हणाली, "बरं बोललीस गं." आणि लगेच इकडंतिकडं बघून निघून गेली. मी स्वतःला समजावून बघितलं. काय बिघडतं, लोक राहतातच की. हजारो बाया राहतात. मध्यस्थाला सांगावं का, की पोरगी चेष्टेत बोलली? एकदा तर मी तसं सांगायला आप्पांजवळ जाऊन बसलेही.

ते म्हणाले, "आता बोललीस ना? मग बोललीस. घर बघायला जाणारा माणूस खोट काढतो ती काढावीच लागती. माझ्या नजरंतून सुटली, तुला दिसली."

मग एका दुपारी मोठ्या भावाच्या मोबाईलवर तसलाच गोल फोटो आला. सोबत एक शब्द नाही. भावानं मोबाईल डब्यात बसवला आणि डोळ्यांना लावला. मान इकडं वळवली, तिकडं वळवली.

"मान फिरवली तरी भिंत संगंच फिरायली," तो म्हणाला.

त्याचा मोबाईल स्वस्तातला. मान वळली हे कळायला मोबाईलमध्ये जे काही लागतं ते त्याच्यात नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. समोर नुसती निळी भिंत. भाऊ खुर्चीवरून उठून उभ्यानं गोल फिरला, तरी भिंतच. आप्पा म्हणाले, "म्हंजी पुन्हा दाखवणाऱ्याचीच नजर." मी भावाच्या हातातून मोबाईल घेतला, डब्यातून काढला, आणि बोटानं फोटो सरकवायला लागले. खिडकी गेली. कपाट गेलं. गॅस आला, पण मागच्या वेळी होता तिथं नव्हता, हातभर सरकलेला. पिंप आलं. मग कोपरा आला.

पांढरं दार होतं. पेटीच्या भात्याला घड्या असतात तशा घड्यांचं, वरपासून खालपर्यंत. त्याच्या बाजूला सासू उभी होती, या वेळी एकच, हात पुढं बांधून, फोटो काढायचाय म्हणून सरळ उभी राहिलेली.

मी मोबाईल मायला दिला. तिनं बघितलं, बोटानं मागंपुढं केलं, पुन्हा बघितलं. "कडी दिसंना," ती म्हणाली. ती पहिल्यांदा हसली ते तेव्हा.

लग्न उन्हाळ्यात झालं, गावच्या विहारात वंदना घेऊन. मी भाईंदरला आले. स्टेशनातून बाहेर पडल्यावर एवढी माणसं, एवढ्या भाषा, की यांच्या हाताला धरूनच चालले. खोलीत शिरले तेव्हा मला गंमत वाटली. मला सगळं माहीत होतं. पाणी कुठं, कपाट कुठं, बसायचं कुठं. फक्त खोली लहान झाली होती. डब्यात ती हॉलसारखी दिसली होती, खरी खोली म्हणजे चौघं जेवायला बसले की ताट सांभाळून उठावं लागतं अशी. डब्यातून बघितलं तर एवढं चालायचंच. आणि खिडकीतून नुसता पांढरा उजेड दिसला होता, तिथं समोरच्या चाळीची गॅलरी होती. तिथली गुजराती भाभी पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "नयी बहू? वो दरवाजेवाली?"

म्हणजे दाराची गोष्ट इथंही पोचली होती.

काय झालं होतं ते यांच्याकडून मला तुकड्यातुकड्यानं कळलं. मोरीला पूर्वीपासून पडदा होता. जुनी साडी दोरीवर टाकलेली. फोटो काढायच्या दिवशी ती मळलेली दिसत होती म्हणून सासूबाईंनी काढून घडी घातली. तीच त्यांच्या हातात होती. माझं बोलणं ताईनं फोनवर सांगितलं तेव्हा हे आधी चिडलेच. "पडदा आहे म्हणून सांग की," म्हणाले. ताई म्हणाली, "त्या पडद्यामागं मी लहानाची मोठी झालेय. मला नको सांगू पडद्याचं."

मग यांनी केबिन रोडवरून एक दारवाला आणला. तो खोलीत उभा राहून म्हणाला, "अंदर खुलेगा तो नहाने की जगह नहीं. बाहर खुलेगा तो गॅस को लगेगा. भाईसाब, दरवाजा भूल जाव, नया पडदा लगाव."

हे म्हणाले, "पडदा नहीं चलेगा. उधर पडदा पास नहीं हुआ."

"किधर?"

"लडकीवालों में."

दारवाल्यानंच मग घडीच्या दाराचं सुचवलं. गॅसचा कट्टा फोडून सरकवावा लागला. सासऱ्यांची झोपायची जागा मोरीसमोर होती, ती त्यांनी खिडकीखाली नेली. घडीच्या दाराला कडी नसते, लोहचुंबकाची पट्टी असते. ती नुसती चिकटते, ढकलली की उघडते. आणि मी तर आतून कडी म्हणाले होते. तर यांनी गाळ्यातल्या भंगारातून स्टीलची पट्टी घेतली, जेवणाच्या सुट्टीत वाकवली, घासली, पॉलिश केली आणि आतून बसवली. फोटोत ती दिसणं शक्यच नव्हतं. दार लावून आत गेल्याशिवाय ती दिसत नाही. पहिल्या दिवशी आत गेले आणि ती बघितली. आरशासारखी चकचकीत. मी तिला हात लावून उभी राहिले, पाणी घ्यायचं विसरले.

तरी मला धाकधूक होतीच. सासूबाईंची. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या मला टोचून बोलल्या नाहीत, पण दाराविषयीही बोलल्या नाहीत. त्या पहाटे अंधारात उठायच्या, सगळे झोपलेले असताना आंघोळ उरकायच्या, तीही दार न लावता. मला वाटायचं, माझ्यावरचा राग असा काढतात. त्यांचा गॅस सरकवला, नवऱ्याचं अंथरूण हलवलं, येण्याआधीच घर हलवलं मी. मी एकदा भीतभीत म्हणाले, "आत्या, उजाडल्यावर करत जा ना आंघोळ. दार आहे."

त्या भाजी निवडत होत्या. "सवय गं," म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून अंधारातच. उजेडात आंघोळ कशी करतात तेच विसरले." मग पुढची जुडी ओढत म्हणाल्या, "मीपण मागू शकले असते. सुचलंच नाही की मागता येतं."

त्यानंतर लगेच काही बदललं नाही. आधी त्यांनी अंधारातच दार लावायला सुरुवात केली. मग त्यांची वेळ पुढं सरकली, चहाच्या आधी, मग चहाच्या नंतर. मी हाटकेशला एका गाळ्यात पॅकिंगला जायला लागले होते, त्यामुळं रोजचं मला दिसत नव्हतं.

एका रविवारी सगळे घरी होते. ऊन आत आलं होतं. मी कांदा चिरत होते, हे मोबाईलमध्ये, सासरे मोरीसमोर टॉवेल खांद्यावर टाकून खोळंबलेले. आत कडी सरकल्याचा आवाज कधीचाच झाला होता. तांब्यामागून तांब्या पाणी पडत होतं, आणि मधेच आत्या काहीतरी गुणगुणत होत्या, सूर कसलाच नव्हता.

"अहो, किती वेळ?" सासरे म्हणाले.

"बसा तिथंच," आतून आवाज आला. "कडी लावलीय मी."

सासरे माझ्याकडं बघून हसले आणि खिडकीखाली जाऊन बसले. आत आणखी एक तांब्या अंगावर पडला.